मानमोडीच्या वर्षी आमची नाटक मंडळी

लोणावळ्याच्या बाजारात आमची एक हौशी नाटक मंडळी होती आणि मी तिची नायिका होतो. आज माझं सुटलेलं पोट आणि वर सरकत गेलेलं कपाळ बघून यावर कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणून तर मी ते आवर्जून सांगतो. दिवसा वडिलांच्या भुसार दुकानात तराजू धरायचा आणि संध्याकाळी शाळेच्या पडवीत नथ घालून विरहानं व्याकूळ व्हायचं, असा माझा दिनक्रम होता. मिशी नव्हती. कलेपायी ती मी रोज भादरत असे, आणि त्यापायी माझं एक जमत आलेलं लग्नही मोडलं होतं.

मंडळीचे चालक शाळेतले एक मास्तर होते आणि आश्रयदाते मुंबईचे एक शेट. लोणावळ्याला त्यांचा बंगला होता. हवा खायला ते वर्षातून काही महिने येत, आणि आल्यावर काहीतरी दान केल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. आम्हाला त्यांनी पडदा दिला होता. आम्ही मागितला होता अरण्याचा, कारण आमच्या नाटकांतली माणसं सारखी रानात हरवत असत. शेटना समुद्र आवडायचा. त्यामुळे मी घोर अरण्यात वाघाच्या भीतीनं थरथरत असताना माझ्या मागे शिडं उभारलेली गलबतं असत. पहिल्या रांगेत बसलेल्या शेटना ते बघून फार समाधान वाटे. आम्हीही कधी कुरकुर केली नाही. फुकटच्या पडद्याला नावं कोण ठेवणार?

पहिल्या जर्मन लढाईचं ते शेवटचं वर्ष. पाऊस लवकर गेला होता, भाताच्या लोंब्या निम्म्या पोचट होत्या, आणि दसऱ्याच्या सुमाराला ताप आला. तो आधी स्टेशनवर उतरला, मग बाजारात आला, मग मावळात पसरला. लोक त्याला मानमोडी म्हणत. नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण ठेवणाऱ्यानं रोगी जवळून बघितला होता. सकाळी माणूस अंग दुखतंय म्हणत उठायचा, दुपारी त्याची मान उचलेनाशी व्हायची, आणि काहींचे ओठ मग जांभळाच्या रसात बुडवल्यासारखे दिसायला लागत. तसे ओठ दिसले की घरचे लोक वैद्याकडे जायचे थांबत आणि लाकडांच्या वखारीकडे जात.

आमच्या दिवाळीच्या नाटकाच्या तालमी चालू होत्या. आमचा राजा सिंहासनावरून उठताना धडपडला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, कारण तिसऱ्या अंकात त्याला धडपडायचंच होतं. आठवड्याच्या आत त्याला इंद्रायणीकाठी नेला. तालमी थांबल्या. मास्तरांनी शाळेच्या पडवीतला समुद्र गुंडाळून ठेवला.

माझी थोरली बहीण, आक्का, कार्ल्याच्या अलीकडच्या एका वाडीत दिलेली होती. आमची आई मी रांगत असताना गेली. मला वाढवलं ते आक्कानं. नऊवारी कशी नेसायची हे मला तिनंच शिकवलं, तेही माझ्या पाठीत धपाटे घालून. "कासोटा आवळ, येड्या, लोकांम्होरं सुटला तर माज्या सासरी त्वांड दावायला जागा न्हाई राहायची," असं म्हणून ती स्वतःच पोट धरून हसायची. तिला त्या वर्षी पहिली मुलगी झालेली होती, अजून अंगावर पिणारी. एके दिवशी मळवली स्टेशनवरचा एक हमाल दुकानात येऊन सांगून गेला, की तुमच्या आक्काचं सगळं घर आडवं झालंय, म्हशीला पाणी पाजायलाही कुणी उठत नाही.

मी निघणार तेवढ्यात मास्तरांचं बोलावणं आलं. शेट मुंबईच्या साथीला भिऊन बंगल्यावर येऊन राहिले होते आणि त्यांनी मावळातल्या रोग्यांसाठी अन्नछत्र काढलं होतं. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी फंड जमवला होता, शेट त्याचे पुढारी. बंगल्याच्या अंगणात भल्यामोठ्या कढया चढल्या होत्या, मुंबईहून आणलेले आचारी महाराज त्यात मूगतांदळाची, तूप सोडलेली खिचडी ढवळत होते, आणि ती गावोगाव पोचवायला बैलगाड्या उभ्या होत्या. गाड्यांबरोबर जायला माणसं हवी होती. गावात अंगात त्राण असलेली आणि रिकामी अशी एकच जमात उरली होती, नाटकवाले.

मला आनंद झाला. खिचडीची गाडी घेऊनच आक्काकडे जाता येणार होतं. मास्तरांनी तर हौसेनं गाडीपुढे झांजा वाजवायची व्यवस्था केली, म्हणजे लांबून लोकांना कळावं. गाडीला फंडाचं नाव लिहिलेलं कापड बांधलं होतं. आमचा तबलजी, जो दिवसा रेल्वेच्या शेडमध्ये कोळसा ओढायचा, तो झांजा घेऊन पुढे चालला. मला वाटतं, आम्ही सगळे जरा जास्तच खुशीत होतो. प्रयोग बंद पडलेल्या नटाला रस्ता मिळाला तरी पुरतो.

पहिल्या वाडीत दारं उघडली नाहीत. दुसरीत एका म्हाताऱ्यानं आमच्यावर कुत्रं सोडलं. कुत्रंही आजारी असावं. ते थोडं पुढे आलं आणि बसलं. एका बाईनं दाराच्या फटीतून बघितलं, कढईतून भरून आणलेला हंडा बघितला, आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. आम्हाला काही समजेना. तबलजी म्हणाला, "खिचडी इतकी वाईट दिसते का रे?"

आक्काच्या वाडीत पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. मी हंड्यातून पातेलीभर खिचडी काढली आणि तिच्या दारात गेलो. दार लोटलेलं होतं. आतून तिच्या सासूचा आवाज आला.

"कोन हाय?"

"मी आहे मावशी, आक्काचा भाऊ. खायला आणलंय."

"शिजवलेलं?"

"व्हय. गरम आहे अजून."

मग म्हातारी म्हणाली, "आमच्यात अजून कोन मेलं न्हाई बाबा. म्हागारी ने त्यो कडू घास."

मी पातेली हातात घेऊन उभाच राहिलो. मावळात माणूस गेलं की त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. भावकी आपल्या घरून शिजवून आणते आणि घरच्यांना बळंच दोन घास खायला लावते. तो कडू घास. एरवी थंड चुलीच्या घरात परक्याच्या चुलीवरचं अन्न कुणी आणत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्याकडेही तेच आहे, आणि आई गेली तेव्हा मला भरवलेला घास कुणी आणला होता तेही आक्का सांगायची. पण बंगल्याच्या अंगणातल्या त्या कढया, ते तूप, ते कापड यांच्या थाटात आमच्या कुणाच्याच डोक्यात ते आलं नाही. आम्ही शिजवलेलं अन्न घेऊन, वर झांजा वाजवत, जिवंत माणसांच्या दारात गेलो होतो.

मी पातेली बाहेर ठेवली आणि आत गेलो. आक्का जमिनीवर पडली होती, पोर तिच्या कुशीत होतं आणि कोरड्या छातीला लागून थकून झोपलं होतं. दाजी भिंतीकडे तोंड करून कण्हत होते. म्हातारी चुलीपाशी पडलेली, तिथवर सरपटत गेली असावी. चुलीत राख थंड होती.

"मावशी, तुमच्या चुलीवर केलं तर चालेल का?"

"कोन करनार? तू?" तिनं डोळे बारीक करून बघितलं. "बापय हायेस का बाई, ह्येच मला मगाधरनं उमगंना."

नाटकात मी किती चुली पेटवल्या असतील. लाल कागद आणि आत पणती. खऱ्या चुलीनं माझी अब्रू घेतली. धुरानं घर भरलं, डोळ्यांतून पाणी, आणि खोकून खोकून आक्का जागी झाली. तिनं मान न हलवता माझ्याकडे बघितलं.

"फुकनी उलटी धरलीया," ती म्हणाली.

कणगीत साळ होती. फार नव्हती, पण होती. तांदूळ मात्र मूठभरही नव्हता, कारण साळ कांडायला उभं राहू शकणारं माणूस घरात नव्हतं. तबलजीनं मुसळ उचललं. त्याचे हात तालाचे, त्यानं कांडणही तालात केलं, आणि निम्मे दाणे अंगणात उडवले. मी पेज केली. म्हातारीनं आधी नाही म्हटलं, मग आपल्या चुलीतला जाळ बघितला आणि वाटी घेतली. आक्कानं दोन घोट घेतले.

"ही पेज हाय का खळ? ह्यानं तुजं पडदं चिकटव."

पण प्यायली. पोराला शेजारच्या शेळीचं दूध पाजलं. त्या शेळीचं दूध काढतानाचं माझं वर्णन मी इथे देत नाही. शेळीचीही काही लाज असते.

बंगल्यावर परतलेल्या सगळ्या गाड्यांमधले हंडे भरलेलेच होते. शेट दुखावले होते. अंगणात खुर्ची टाकून बसले होते, आणि समोर खिचडीवर साय धरत होती.

"लोकांना भूकच नाही, मास्तर," ते म्हणाले. "उगाच आपण मेहनत केली."

मास्तरांनी त्यांना कडू घासाची गोष्ट सांगितली. शेट लक्ष देऊन ऐकत होते. ते वाईट गृहस्थ नव्हते, हे मला सांगायलाच हवं. सगळ्यांना ते 'तुम्ही' म्हणत, गाडीच्या बैलालासुद्धा.

"मग कच्चं धान्य द्या म्हणता? मागच्या दुष्काळात मी ज्वारी वाटली होती. महिन्याभरात तीच ज्वारी माझ्याच गल्लीत भुसाऱ्याकडे विकायला." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नायिकेसारखी नजर खाली घातली.

"धान्यही नको, शेट," मास्तर म्हणाले. "धान्य थोडंफार घरात आहे. कांडायला, पाणी भरायला, चूल पेटवायला माणूस नाही. तुमच्या गाड्यांत खिचडी नको, माणसं घाला. माळी, घोडेवाले, महाराज, आम्ही. वर थोडं सरपण आणि गूळ. एवढंच."

शेट मग जे म्हणाले ते मी पुढे आयुष्यभर निरनिराळ्या तोंडांतून ऐकलं आहे. "मास्तर, तुमचं खरं असेल. पण मुंबईचे लोक अन्नाला पैसे देतात. हाताला कोण देतो? कढई दिसते, जेवणारे दिसतात. उद्या पुण्याहून फोटोवाला येतोय, फंडाला फोटो हवा आहे. दुसऱ्याच्या घरात बसून चूल फुंकणारा माणूस मी फोटोत कसा दाखवू? फोटो गेला नाही तर पुढचे पैसे थांबतील, मग गाड्याही नाहीत."

"फोटोत जेवणारे हवेत?" मास्तर म्हणाले.

"हवेत."

"ते आम्ही देतो. तुम्ही गाड्या द्या."

शेटनी आधी मास्तरांकडे बघितलं, मग आमच्याकडे. मग त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. ते स्वतः व्यापारी होते. सौदा त्यांना कळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेटच्या अंगणात आम्ही आमच्या हयातीतला सर्वांत यशस्वी प्रयोग केला. भिकाऱ्याच्या भूमिकेतल्या गोधड्या पेटीतून निघाल्या, तोंडाला राख लागली. मी फाटकं लुगडं नेसून उपाशी माता झालो. कडेवर उशी गुंडाळून घेतली. फोटोवाल्यानं काळ्या कापडाखालून डोकं बाहेर काढून सांगितलं, "त्या पुढच्या बाई जरा मागे घ्या. फार धडधाकट दिसतात." मला मागच्या रांगेत ढकललं. आमचा खलनायक हसू आवरेना म्हणून त्याला तोंड फिरवून बसवलं. तबलजी पुढे होता, पत्रावळीवर वाकून खोकत होता. फोटोवाला खूश झाला. "हा बघा. असा अभिनय पाहिजे."

तो अभिनय करत नव्हता. संध्याकाळी त्याची मान पडली, आणि तो गेला तेव्हा त्याचे हात अंथरुणावर काहीतरी वाजवत होते, असं त्याची बायको म्हणाली. कुठला ताल ते तिला सांगता आलं नाही.

पण गाड्या मिळाल्या. पहाटे उजाडताना गाड्या थांबवून आम्ही टेकाडावर चढायचो आणि खालची छपरं बघायचो. ज्या छपरातून धूर निघत नाही, त्या घरी जायचं. दुसरी काही चौकशी नाही. दारातून हाक मारायची, "मावशी, तुमची चूल पेटवू का?" अन्नाचं नावही काढायचं नाही. आत जायचं, त्यांच्याच लाकडानं जाळ करायचा, त्यांच्याच साळीचे तांदूळ काढायचे. मुंबईचे महाराज हंडाभर खिचडी डोळे मिटून करणारे, पण त्यांना मावळची बसकी चूल जमेना आणि बायका अंथरुणातून त्यांना शिव्या घालायच्या. शिव्या घालण्याइतकी बाई झाली की आम्ही ते घर सोडून पुढच्या घरी जायचो. आमच्यामागून कुसगावची चार पोरंही, तापातून उठली तशी, आमच्यात आली. मग इंदुरीकडची. कुणी बोलावलं नव्हतं. फंडात त्यांचं कुठं नाव नव्हतं.

सगळी घरं वाचली असं नाही. काही दारं उघडली तर आत वासच आला. एका घरात चूल पेटलेली होती आणि पेटवणारी बाई तिच्या शेजारी थंड होती. तेव्हा आम्ही कुणीच काही विनोद केला नाही, आणि नाटकवाल्यांचा घोळका गप्प चालतो तेव्हा तो फार विचित्र दिसतो.

आक्काकडे मी रोज जात होतो. ती बसायला लागली. दाजी काठी धरून म्हशीपर्यंत गेले आणि म्हशीच्या गळ्यात पडून रडले, तेव्हा आक्का म्हणाली, "माज्या गळ्यात कदी पडलं न्हाईत." पोर शेळीच्या दुधावर टवटवीत झालं होतं. म्हातारी मात्र पडून होती, आणि पडून माझ्यावर नजर ठेवून होती.

आणि मग फोटो मुंबईत पोचला.

फंडाचे लोक फार प्रसन्न झाले. इतके लोक आपलं अन्न खातात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी आणखी पैसे पाठवले, आणि पैशांबरोबर रेल्वेनं नव्या कोऱ्या कढया पाठवल्या, काठावर देणाऱ्यांची नावं कोरलेल्या. त्या कढयांना सरपण लागणार होतं, पाणी लागणार होतं, ढवळायला महाराज लागणार होते. शेटनी गाड्या परत बोलावल्या. मास्तर भांडायला गेले तेव्हा शेट खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"मास्तर, फोटो तुम्हीच दिला," ते म्हणाले. रागानं नाही. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "आता मी त्यांना काय लिहू? तो खोटा होता म्हणून?"

ते अन्न वाया गेलं नाही. जवळच चाललेल्या धरणाच्या कामावरचे मजूर, लांबून आलेले, छपरं नसलेले, चूलच नसलेले, ते येऊन बसू लागले आणि पोटभर जेवले. त्यांच्यातले कित्येक त्यावर जगले असतील. पण आता वाड्यांकडे जायचं तर पायी जावं लागत होतं, आणि पायी माणूस दिवसाला एक वाडी करतो. आम्ही वाड्या वाटून घेतल्या. आक्काची वाडी मी मागून घेतली. कुणी हरकत घेतली नाही.

आक्का बरी होत होती, आणि तिथंच तिनं घात केला. कोंबड्यांच्या मागं अंगणात गेली, विहिरीवर गेली, पाण्याची कळशी आणली. मी पोचेपर्यंत पुन्हा ताप चढला होता, आणि या वेळी छाती वाजत होती. मी रागावलो.

"तुला कुणी सांगितलं होतं पाणी आणायला?"

"तू येनार म्हून आनलं. तू पानी सांडतुयास लय." श्वास घेऊन ती पुन्हा म्हणाली, "म्हशीला पेंड दिली का?"

"दिली."

नव्हती दिली. मी उठलो आणि देऊन आलो. परत आलो तेव्हा तिच्या ओठांवर तो जांभळा रंग चढत होता. नाटकात मी कितीदा मेलो होतो. प्रत्येक वेळी मला दोन पानं भाषण असे आणि मागे समुद्र. आक्काला काही बोलायचं नव्हतं. ती छपराकडे बघत होती, श्वास मोजल्यासारखी घेत होती, आणि उन्हं अंगणातून सरकून दाराशी आली तेव्हा तिनं घेणं थांबवलं. दाजींनी तिच्या पायाला हात लावला. म्हातारीनं उठायचा प्रयत्न केला आणि परत पडली.

खांदा द्यायला वाडीत चार उभे पुरुष मिळेनात. निरोप पोचताच मास्तर आणि खलनायक लोणावळ्याहून चालत आले. आम्ही तिला नेली. परतलो तेव्हा मास्तरांच्या पिशवीत एक डबा होता, नव्या कढईतल्या खिचडीचा. शेटनी स्वतः भरून दिला होता. भावकीतलं प्रत्येक घर आडवं होतं; दुसरं कोण आणणार? म्हातारीनं डबा बघितला.

"आता चालतंय," ती म्हणाली, आणि पहिला घास दाजींच्या तोंडात घातला, मग माझ्या. तूप चांगलं होतं. मला ते अजून तोंडात लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवायला बसलो. पोर रडत होतं, दाजी त्याला मांडीवर घेऊन बसले होते आणि कसं धरायचं ते त्यांना कळत नव्हतं. लाकडं ओली होती. मी फुंकत होतो, आणि फुंकणी सरळ धरलेली होती की उलटी हे मला त्या दिवशी सांगता आलं नसतं. मागे काहीतरी घासल्यासारखा आवाज आला. म्हातारी भिंत धरून, मग खांब धरून, मग बसून सरकत चुलीपाशी आली होती.

"ऊठ तितनं," ती म्हणाली.

"मावशी, तुम्ही पडा."

"पडले लय. ऊठ. अशानं पोर सांजच्याला दूध पिईल."

तिनं लाकडं काढून वेगळी रचली, राखेत बोटं घालून निखारा शोधला, आणि फुंकणी न घेता नुसतं वाकून फुंकर मारली. जाळ झाला. तिनं दुधाचं भांडं वर ठेवलं आणि नातीला मांडीवर मागून घेतलं. मी बाजूला बसून राहिलो. मला कुठे जायचं ते आठवत नव्हतं.

"खालच्या आळीला माजी जाऊ हाय," ती दुधाकडे बघत म्हणाली. "तिला कोन बगतंय?"

"कुणी नाही. आज कुणी आलेलं नाही तिकडं."

"मग हितं काय बसलायस?"

तिनं एक फुटकं खापर ओढलं, चिमट्यानं चुलीतले दोन निखारे उचलून त्यात ठेवले आणि वर राख पसरली. "काड्यापेटी जाळत बसू नगं. ह्यो ने."

"सुतकाच्या घरातला विस्तव चालेल त्यांना?"

"तिलाबी त्येच सुतक हाय. भावकीच हाय ती आमची."

खापर गरम होतं. मी ते उपरण्याच्या घडीवर घेतलं, आणि वाऱ्यानं विझू नये म्हणून पोटाशी धरून खालच्या आळीकडे निघालो.